बर्फ वितळल्यावर घरचे नळ

महाराष्ट्रांतील गृहस्थाला नळाची काळजी वाटते ती बहुधा वैशाखांत. पाणी किती वाजतां येईल, किती वेळ टिकेल, वरच्या मजल्यापर्यंत चढेल कीं नाहीं, हे त्याचे प्रश्न. थंडीचें आणि नळाचें कांहीं वैर असूं शकतें ही कल्पना त्याच्या मनाला सहसा शिवत नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटेस गवतावरचें दंव गोठलें म्हणजे त्याची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि हौशी मंडळी तें पाहावयास जातात. गोठलेल्या पाण्याची इकडे ओळख आहे ती एवढीच.

परंतु याच घरांतील मुलगा किंवा लेक आज शिकागोस, नाहीं तर टोरांटोस, संसार थाटून असते. आईवडील तिकडचा हिवाळा चुकवून एप्रिलच्या सुमारास मुक्कामास जातात. घरासमोरचा बर्फाचा ढीग तोंवर काळवंडून ओसरलेला असतो, ट्यूलिपचे कोंब वर आलेले असतात, आणि उभा जन्म कामांत घालविलेल्या वडिलांना नुसतें बसून राहवत नाहीं. ते परसांत जातात. भिंतींतून बाहेर आलेली पितळी तोटी त्यांच्या दृष्टीस पडते. कोपऱ्यांतली रबरी नळी ते तिला जोडतात आणि झाडांना पाणी घालूं लागतात. धार येते, पण बारीक. "सूनबाई, इकडे पाण्याला जोर नाहीं हो," असें ते खिडकींतून सांगतात न सांगतात तोंच तळघरांतून नातवाची हांक येते : भिंतींतून पाणी येत आहे! पांच मिनिटांत पुठ्ठ्याचीं खोकीं, गालिचा आणि पुण्याहून जपून नेलेलीं पुस्तकें भिजून जातात. वडील खजील होतात. वास्तविक त्यांचा अपराध कांहींच नसतो. नळ फुटला तो जानेवारींत. कळलें मात्र एप्रिलांत.

थंड देशांतील नळांची ही रीत प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. मोडतोड होते एका ऋतूंत आणि ती उघडकीस येते दुसऱ्या ऋतूंत. वसंतांत तिकडील गृहस्थ घराभोवतीं फिरून नळ, तोट्या, पंप आणि गटारें तपासतो तो स्वच्छतेच्या हौसेनें नव्हे. हिवाळ्यानें मागें काय ठेवलें आहे तें पाण्यानें सांगण्यापूर्वीं आपल्याला कळावें, एवढ्याचसाठीं.

पाण्याचा स्वभाव इतर पदार्थांहून थोडा विलक्षण आहे. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसत जातात. पाणीहि ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत आकसतें. पण त्याखालीं उष्णमान उतरलें कीं तें फुगूं लागतें, आणि शून्य अंशावर त्याचा बर्फ झाला म्हणजे त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढलेलें असतें. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेंच, आणि सरोवराच्या तळाशीं मासे हिवाळाभर जगतात तेहि यामुळेंच. माशांना जो गुण तारक होतो तोच नळाला मारक ठरतो.

येथें एक लोकभ्रम आहे. नळांत बर्फ झाला, तो फुगला, त्यानें नळाची भिंत आंतून रेटली आणि नळ जेथें गोठला तेथेंच फुटला, असें सामान्यतः समजलें जातें. इलिनॉय विद्यापीठाच्या वास्तुसंशोधन विभागानें १९९० नंतरच्या दशकांत घरगुती नळांवर प्रयोग केले, तेव्हां वस्तुस्थिति निराळी दिसली. नळांत बर्फाचा खडा प्रथम एखाद्या ठिकाणीं जमतो आणि नळ पूर्ण भरून टाकतो. त्यानंतर तो वाढूं लागला म्हणजे नळाच्या लांबीच्या दिशेनें पुढें सरकतो. एका बाजूला रस्त्यावरचा मोठा नळ असतो. तिकडे पाणी मागें ढकललें जाण्यास वाव असतो. दुसऱ्या बाजूला मात्र बंद तोटी असते. खडा आणि तोटी यांच्यामध्यें जें पाणी कोंडलें जातें तें दाबून लहान होत नाहीं, कारण पाणी जवळजवळ दाबलें जात नाहीं. त्याचा दाब वाढत वाढत अफाट होतो आणि शेवटीं नळ त्या टापूंत जेथें दुबळा असेल तेथें उकलतो. ती जागा बर्फापासून कित्येक हात दूर, उबदार खोलींतहि असूं शकते. एखादी बाई स्वयंपाकघरांतील कपाटाखालची फूट पाहून बुचकळ्यांत पडते, कारण तेथें तर कधींच थंडी नव्हती. थंडी होती ती पलीकडच्या भिंतींत.

यावरून दोन गोष्टी आपोआप उलगडतात. कडाक्याच्या रात्रीं तिकडील लोक तोटी किंचित् उघडी ठेवून बारीक धार चालूं देतात. पाणी वाया घालविण्याचा तो खुळा रिवाज नव्हे. वाहतें पाणी गोठण्यास वेळ लागतो हें खरें, पण त्याहून महत्त्वाचें असें कीं मध्यें बर्फ झालाच तरी कोंडलेल्या पाण्याला सुटण्यास वाट राहते व दाब चढत नाहीं. दुसरी गोष्ट, नळ फुटल्यावर लगेच पाणी कां येत नाहीं? कारण बर्फाचा खडा स्वतःच बूच होऊन बसलेला असतो. बूच निघतें तें वारा फिरल्यावर. म्हणून थंडी ओसरल्याची पहिली दुपार हीच तिकडे प्लंबराची सर्वांत गर्दीची दुपार.

जातां जातां, हा प्लंबर शब्द मोठा बोलका आहे. लॅटिन भाषेंत शिशाला प्लुंबुम् म्हणतात. रोमन लोक शिशाचे पत्रे वळवून नळ करीत, म्हणून शिशाचें काम करणारा तो प्लंबर. गवंड्याच्या ओळंब्याचें इंग्रजी नांवहि त्याच शब्दावरून आलें आहे, कारण ओळंब्याला शिशाचें वजन असे. या शिशाकडे पुढें पुन्हां वळावें लागणार आहे.

आतां परसांतल्या त्या तोटीकडे. थंड प्रदेशांतील पुष्कळ घरांना अशी तोटी असते कीं तिची चकती बाहेर, पण पाणी अडविणारी झडप मात्र भिंतीच्या आंत आठ ते बारा इंचांवर, घराच्या उबेंत. चकती फिरविली म्हणजे लांब दांडा फिरतो आणि आंतली झडप मिटते. झडपेच्या पुढच्या नळींत उरलेलें पाणी उतारानें बाहेर गळून जातें व नळी रिकामी राहते. रिकाम्या नळींत गोठणार काय? युक्ति सुंदर आहे, परंतु ती एका अटीवर चालते. बाहेर जोडलेली रबरी नळी शरद ऋतूंत काढून ठेवली पाहिजे. ती तशीच लोंबत राहिली तर पाणी गळून जात नाहीं. हवा आंत शिरल्याशिवाय पाणी बाहेर कसें येणार? तें भिंतींतच उभें राहतें, जानेवारींत गोठतें आणि नळी उभी चिरली जाते. चीर झडपेच्या पुढें असल्यामुळें तोटी बंद असेपर्यंत पाण्याचा एक थेंबहि गळत नाहीं. तीन महिने घर कोरडें ठणठणीत. तोटी उघडली कीं अर्धें पाणी बागेत आणि अर्धें भिंतींत. वडिलांना धार बारीक दिसली तिचें कारण हेंच होतें.

म्हणून वसंतांत बाहेरची तोटी प्रथम उघडतांना दोन माणसें असावींत. एकानें बाहेर उभें राहावें, दुसऱ्यानें आंतल्या बाजूस, तळघरांत, त्या भिंतीशीं. बाहेरच्यानें रबरी नळी न लावतां तोटी हळूहळू उघडावी व धार पुरती वाहूं लागली म्हणजे तोटीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबावा. नळी धड असेल तर पाण्याचा जोर अंगठ्याला सहज आवरत नाहीं, तें बाजूनें फवारे मारतें. अंगठ्यानें धार निमूट थांबली तर समजावें कीं पाण्याला दुसरी वाट सांपडली आहे. आंतल्या माणसानें तेवढ्या वेळांत भिंतीला हात लावून आणि कान देऊन ऐकावें. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, तिला पैसा लागत नाहीं, आणि तिच्याअभावीं दरवर्षीं किती तळघरें भिजतात हें प्लंबरमंडळींनाच ठाऊक.

जुन्या घरांत तोटी साधी असते आणि तिला पाणी देणाऱ्या नळावर आंतल्या बाजूस वेगळी चावी असते. ती आक्टोबरांत बंद करून बाहेरची तोटी उघडी सोडण्याची चाल आहे. वसंतांत क्रम उलटा : आधीं बाहेरची तोटी मिटावी, मग आंतली चावी थोडी फिरवून थांबावें, नळ भरतांना होणारा सुस्कारा थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि मग पुरी उघडावी. सहा महिने न हललेल्या चावीच्या दांड्यापाशीं थेंब येतो. बहुधा तो गाळा किंचित् आवळल्यानें थांबतो. वायसर झिजला असल्यास बदलावा. येथें जोर लावून पाना फिरविणारा पुरुष संसाराचें नुकसान करतो. जुना पितळी आटा एकदां तुटला म्हणजे चार आण्याच्या वायसराचें काम भिंत फोडण्यावर जातें.

चीर भिंतींत असेल ती अशी सांपडते. पण ज्या गळत्या कानाला ऐकूं येत नाहींत त्यांना पकडण्याचें साधन पाण्याचा मीटर होय. घरांतील सर्व तोट्या बंद कराव्यात, कपडे धुण्याचें यंत्र थांबवावें, आणि मीटरच्या तबकडीवर जो लहानसा त्रिकोण किंवा चांदणी असते तिच्याकडे पाहावें. ती जरा जरी फिरत असली तर कोठें तरी पाणी जात आहे. रात्रीं निजतांना आंकडा टिपून ठेवून पहाटे कोणीहि नळ उघडण्यापूर्वीं पुन्हां वाचला तर संशयाला जागा राहत नाहीं. शिकागो शहरांतील पुष्कळ जुन्या घरांना मीटरच नाहीं ही अडचण आहे; तेथें कानावर आणि डोळ्यांवरच भिस्त. एका सेकंदाला एक थेंब हें फार क्षुल्लक वाटतें, पण वर्षाकांठीं त्याचे ११,००० लिटरांहून अधिक होतात. शौचकूपाच्या टांकींतील गळती तर मुळींच दिसत नाहीं. टांकींत खाण्याचा रंग चार थेंब टाकावा आणि दहा मिनिटें थांबावें. भांड्यांत रंग उतरला तर आंतली रबरी झडप नीट बसत नाहीं.

हवा ऊबदार झाली म्हणजे धोका टळला, असें मात्र नाहीं. माती उष्णता फार सावकाश देते व घेते. वरची हवा वसंताची झाली तरी जमिनींतला गारठा कित्येक आठवडे खालीं खालीं उतरत राहतो. शिकागोंत घराचा पाया ४२ इंच खोल घ्यावा लागतो तो या गारठ्याच्या खालीं जाण्यासाठीं, आणि रस्त्यांतील नळ त्याहूनहि खोल. कॅनडांतील विनिपेग शहरीं २०१४ सालीं हा गारठा इतका खोल गेला कीं रस्त्यापासून घरापर्यंतचे नळ जमिनींतच गोठले आणि हजारांहून अधिक घरांचें पाणी बंद पडलें. लोकांना शेजाऱ्याच्या घरून रबरी नळीनें पाणी घ्यावें लागलें. ज्यांचे नळ अजून शाबूत होते त्यांना नगरपालिकेनें एक तोटी रात्रंदिवस वाहती ठेवावयास सांगितलें. झाडांना पालवी फुटली तरी कित्येक घरांचे नळ मोकळे झाले नव्हते.

याच्या अगदीं उलट उदाहरण टेक्ससचें. तेथें हिवाळा सौम्य, म्हणून नळांना वेष्टण नाहीं. पुष्कळ घरांतून ते माळ्यावरून नेलेले, आणि पाणी तापविण्याचा बंबहि कोठें कोठें माळ्यावरच. इलिनॉयमधील प्रयोगांत असें दिसलें होतें कीं माळ्यावरील उघड्या नळांना बाहेरचें उष्णमान सुमारें उणे ७ अंशांवर उतरलें कीं धोका सुरू होतो. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें बर्फाचें वादळ आलें. १६ फेब्रुवारीस डॅलस येथें उष्णमान उणे १९ अंशांपर्यंत खालीं गेलें. त्याच दिवसांत वीज तुटली. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरें व दुकानें अंधारांत आणि गारठ्यांत राहिलीं. घर थंड पडलें कीं नळहि थंड पडतो, एवढा सरळ हिशेब. चार दिवसांनीं ऊन पडलें, माळ्यावरचे खडे वितळले, आणि लोकांच्या डोक्यावरचीं छतें पाण्याच्या वजनानें खालीं आलीं. शहरांचे जलाशय त्या असंख्य फुटक्या नळांतून रिते होऊं लागले, मोठ्या नळांतला दाब उतरला, आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. राज्याच्या अधिकृत गणनेप्रमाणें त्या वादळानें २४६ माणसें दगावलीं. त्यांतील बहुसंख्य थंडीनेंच गेलीं. नळांची काळजी ही मोडतोडीच्या खर्चापुरती बाब आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं त्या आठवड्यांतील टेक्सस आठवावें. उणे १९ अंश शिकागोला नवे नाहींत. २० जानेवारी १९८५ रोजीं तेथें पारा उणे ३३ अंशांवर उतरला होता. फरक थंडींत नव्हता, घरांच्या बांधणींत होता.

गोठलेला नळ मोकळा करण्याची रीतहि येथेंच सांगितलेली बरी. उघडी ज्वाळा नळाजवळ कधींहि नेऊं नये. श्रीनगरास चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत लोक नळाखालीं कागद किंवा काटक्या पेटवितात. तेथें नळ उघड्यावर असल्यानें तें कसेंबसें निभावतें. लांकडी सांगाड्याच्या भिंतींत तसें करणें म्हणजे घर पेटविणें. तोटी उघडून ठेवावी आणि तोटीकडून आरंभ करून खड्याच्या दिशेनें सरकत केस वाळविण्याच्या यंत्राची हवा किंवा कढत पाण्यांत पिळलेला टॉवेल द्यावा. मधूनच तापविलें तर वितळलेल्या पाण्याला दोन्हीकडे बर्फ, आणि सुटका कोठेंच नाहीं. जमिनीवर पाणी सांचलें असेल तर विजेचें कोणतेंहि यंत्र हातांत घेऊं नये.

आतां शिसें. शिकागो शहराच्या नियमाप्रमाणें रस्त्यापासून लहान घरापर्यंतचा नळ शिशाचाच असावा लागे, आणि ही सक्ति १९८६ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें शिशाचे नवे नळ बंद होईपर्यंत चालली. असे सुमारें चार लाख नळ त्या शहरांत जमिनीखालीं राहिले. ते बदलण्याचें काम सुरू आहे, परंतु तें अनेक दशकांचें आहे. पाण्यांत फॉस्फेट घातल्यानें नळाच्या आंतून एक पातळ लेप धरतो आणि शिसें बहुतांशीं त्याखालीं दबून राहतें. परंतु रस्ता खणला, शेजारचा नळ फुटून दुरुस्त झाला, कीं हादरा बसून लेपाचे कण सुटतात. आणि फुटलेले नळ उकरण्याचा काळ म्हणजे हिवाळ्याचा शेवट. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसें अपायकारक आहे, आणि त्याची निर्धोक मात्रा म्हणून कोणतीच ठरलेली नाहीं.

येथें महाराष्ट्रांतून गेलेल्या आजीला एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पाणी उकळून गाळून नातवाला देणें हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. जंतूंपुरता तो नेम उत्तमच; पण उकळल्यानें शिसें जात नाहीं. उलट वाफ होऊन पाणी आटतें, शिसें तेवढेंच राहतें. त्यासाठीं निराळे उपाय आहेत. रात्रभर नळांत उभें राहिलेलें पाणी सकाळीं आधीं कांहीं मिनिटें वाहूं द्यावें. तें झाडांना चालतें. पिण्यास व भातास नेहमीं थंड पाण्याच्या तोटीचेंच पाणी घ्यावें, कारण ऊन पाण्यांत शिसें अधिक विरघळतें. चहाचें आधण लौकर यावें म्हणून गरम तोटीखालीं पातेलें धरण्याचा मोह तेथें घरोघर होतो, तो आवरावा. तोटीच्या तोंडाशीं बारीक जाळी असते तींत सुटलेले कण अडकून बसतात. वसंतांत ती फिरवून काढावी, झटकून धुवावी. शिसें अडविण्यासाठीं प्रमाणित केलेली गाळणी बसविली असल्यास तिची मुदत पाहून आंतला भाग बदलावा.

तळघराची तपासणी मात्र दुसऱ्या शत्रूसाठीं करावी लागते. बर्फ वितळूं लागतो तेव्हां खालची माती अजून गोठलेलीच असते; पाणी मुरत नाहीं, घराच्या भिंतीशीं येऊन थबकतें. त्यासाठीं तळघराच्या कोपऱ्यांत एक खड्डा आणि त्यांत पंप असतो. खड्ड्यांत पाणी चढलें कीं तरंगता गोळा वर येतो, पंप चालूं होतो व पाणी अंगणांत दूर टाकतो. हिवाळाभर त्याला बहुधा काम नसतें. म्हणून मार्चांत एक बादली पाणी खड्ड्यांत ओतावें. गोळा उचलतो कीं नाहीं, पंप पाणी खेंचतो कीं नुसता गुरगुरतो, आणि बाहेरच्या टोकाशीं खरोखर पाणी पडतें कीं नाहीं, हें तिन्हीं पाहावें. शेवटचें लोक विसरतात. टोक बर्फानें बुजलेलें असेल तर पंप रात्रभर झटून तेंच पाणी तेथल्या तेथें घुसळतो आणि जळून जातो. वसंतांतील गडगडाटी पाऊस आणि वीज जाणें या दोन गोष्टी बरोबरच येतात, तेव्हां बॅटरीवर चालणारा दुसरा पंप ज्यानें ठेवला आहे तो गृहस्थ शहाणा म्हणावा.

शिकागोंत पावसाचें पाणी आणि सांडपाणी एकाच गटारांतून जातें. मोठ्या पावसांत गटार भरलें कीं तें उलटें तळघरांत चढतें. यावर उपाय म्हणून त्या महानगरानें १९७५ सालीं जमिनीखालीं खोलवर प्रचंड बोगदे खणण्यास आरंभ केला. सुमारें १७५ किलोमीटरांचे ते बोगदे २००६ सालीं पुरे झाले. इतकें करूनहि तळघरें भिजावयाचीं पूर्ण थांबलीं नाहींत, म्हणून घराच्या गटारनळीवर एकाच दिशेनें उघडणारी झडप बसवितात. तींत केस, चिंध्या, तुपाची साय अडकली तर ती मिटत नाहीं. तूप फोडणीच्या भांड्यांतून मोरीत जातें आणि थंडींत नळींत थिजतें, हें हिंदी स्वयंपाकघरांचें खास दुखणें होय. परसांत जुना वृक्ष असेल तर त्याचीं मुळें मातीच्या गटारनळीच्या सांध्यांत शिरलेलीं असतात, आणि वसंतांत झाडाबरोबर तींहि वाढीला लागतात.

तळघरांत कधीं कधीं नुसता घाण वास येतो आणि गळती कोठेंच सांपडत नाहीं. तेव्हां घाबरूं नये. मोरीच्या वांकड्या नळींत जें थोडें पाणी नेहमीं उभें असतें तेंच गटाराच्या वायूला अडवितें. हिवाळ्यांत तापविलेली हवा इतकी कोरडी असते कीं न वापरलेल्या मोरींतलें तें पाणी उडून जातें. तांब्याभर पाणी ओतावें, वास थांबतो.

बंबाचें काम थोडक्यांत उरकतें. हिवाळाभर त्याला नेहमींहून थंड पाणी तापवावें लागलेलें असतें, तळाशीं क्षाराचा गाळ बसलेला असतो. खालच्या चावींतून बादलीभर पाणी काढावें. बंब बराच जुना असून वर्षानुवर्षें असें केलेलें नसेल तर ती चावी एकदां उघडल्यावर मिटेलच असा भरंवसा नाहीं. तें काम प्लंबराच्या हातून करावें. पाणी ४९ अंशांवर ठेवलें तर मुलांचे हात भाजत नाहींत.

राहिला प्रश्न घर रिकामें ठेवण्याचा. डिसेंबरांत लग्नकार्याच्या निमित्तानें महिनाभर भारतांत येण्याची चाल तिकडील मराठी कुटुंबांत सार्वत्रिक आहे, आणि शिकागोचा कडाका नेमका त्याच सुमारास. खर्च वांचवावा म्हणून कोणी निघतांना घराची ऊब पार बंद करतात. ही काटकसर फार महाग पडते. थर्मोस्टॅट निदान १३ अंशांवर असावा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांचीं दारें उघडीं टाकावींत, मुख्य चावी मिटून सर्व तोट्या उघडून नळांतलें पाणी काढून टाकावें. घर कढत पाण्याच्या रेडिएटरांनीं तापत असेल तर मात्र चावी मिटण्यापूर्वीं जाणत्याला विचारावें. त्या यंत्रालाहि पाणी लागतें. परत आल्यावर सामान उलगडण्यापूर्वीं चावी हळू उघडून खालपासून वरपर्यंत एकेक तोटी पाहत जावें. त्यावेळीं प्रवासाचा शीण इतका असतो कीं हें काम दुसऱ्या दिवसावर ढकललें जातें. दुसऱ्या दिवसावर ढकलावयाचें असेल तर चावीहि दुसऱ्या दिवशींच उघडावी. शेजाऱ्याकडून दोन बादल्या पाणी आणून रात्र निभते.

ती मुख्य चावी कोठें आहे हें घरांत एकट्या मुलालाच ठाऊक असतें, आणि तो दिवसभर कचेरींत. मुक्कामाला आलेल्या आईवडिलांना पहिल्या दिवशीं फ्रीज, शेगडी आणि दूरदर्शनचीं बटणें दाखविलीं जातात. त्याच फेरींत त्यांना तळघरांत नेऊन पुढच्या भिंतीजवळची ती चावी दाखवावी व त्यांच्याच हातानें एकदां मिटवून उघडवावी. जुनी चाकासारखी असेल तर घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरवीत जावें. नवी दांड्याची असेल तर खूण सोपी : दांडा नळाच्या रेषेंत असला म्हणजे पाणी चालू, आणि आडवा असला म्हणजे बंद.